ट्रकचे ब्रेक आणि एबीएसचा दिवा: बिघाड शोधायला कुठून सुरुवात करायची

एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) पिवळा दिवा लागला की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सेन्सर गेला असेल." चाकाचा वेग मोजणारा हा सेन्सर बदलला जातो, दिवा चार दिवस बंद राहतो आणि परत लागतो. मग दुसरा सेन्सर, मग व्हॉल्व्ह, शेवटी कंट्रोल युनिट, म्हणजे एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. एवढ्यात गाडी उभी राहते, पैसा जातो आणि मूळ दोष तिथेच राहतो. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की नव्याने ट्रक सांभाळायला लागलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो: पार्ट सुटा करण्याआधी मोजा, आणि जे मोजाल ते त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूला मोजून ताडून पाहा.

एका ॲक्सलची दोन्ही चाकं सारखंच वजन उचलतात, तेवढेच किलोमीटर चाललेली असतात आणि त्यांना हवाही एकाच ठिकाणाहून मिळते. म्हणून चांगली बाजू काय असायला हवं ते दाखवते आणि बिघडलेली बाजू तिच्यापासून किती ढळली ते कळतं. मॅन्युअल हाताशी नसलं तरी हा मार्ग कायम खुला असतो.

हा लेख मुख्यतः एअर ब्रेकच्या ट्रकसाठी आहे. ऑइल ब्रेकच्या लहान गाड्यांबद्दल पुढे वेगळा भाग आहे.

हाताशी काय हवं

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंगचा नकाशा. चासी नंबर लिहून ठेवा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक ब्रेकची रचना बदललेली असते. आधीच्या दुरुस्तीची बिलं किंवा नोंदवही मिळाली तर जरूर वाचा. गेल्या महिन्यात हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) उघडला होता एवढी एक ओळ अर्धं काम वाचवते.

हत्यारांमध्ये डिजिटल मल्टिमीटर, साबणाचं पाणी आणि ब्रश, खडू, स्टीलची पट्टी, लांबून तापमान मोजणारं इन्फ्रारेड थर्मामीटर, जॅक, चाकांना लावायचे ठोकळे, जॅक स्टँड, कनेक्टर साफ करायचा स्प्रे. कंट्रोल युनिटने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं स्कॅनर मिळालं तर उत्तम, पण पहिले चार टप्पे त्याच्याशिवाय होतात. पेडल दाबायला एक माणूस सोबत हवा.

१. आधी गाडी सुरक्षित उभी करा

सपाट जागा, चाकांना पुढून-मागून ठोकळे, इंजिन बंद. चाचणीसाठी पार्किंग ब्रेक सोडावा लागणार आहे, तेव्हा ठोकळ्यांवर विसंबता येईल असेच ते लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. तिसऱ्या टप्प्यातली एक चाचणी सोडली तर हवेचा कोणताही पाइप खोलण्याआधी टाक्या रिकाम्या करा.

मागच्या ॲक्सलच्या ब्रेक चेंबरमध्ये (हवेच्या दाबाने ब्रेक लावणारा डबा) पार्किंग ब्रेकची प्रचंड ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ते चेंबर खोलायचं नाही. स्प्रिंग सुटली तर झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडतं आणि माणूस जागीच जाऊ शकतो. चेंबर बदलायचंच असेल तर आधी स्प्रिंगला केजिंग बोल्टने (स्प्रिंग दाबलेली धरून ठेवणारा खास बोल्ट) बांधा आणि मग अख्खं चेंबर काढा. हे काम पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी असायलाच हवा.

२. ड्रायव्हरला विचारा, मग दिव्याकडे पाहा

गाडी चालवणारा माणूस जे सांगतो ते कोणत्याही स्कॅनरमध्ये मिळत नाही. भरलेली असताना होतं की रिकामी? पहिल्याच ब्रेकला की घाट उतरल्यावर? गाडी धुतल्यावर सुरू झालं का? चाक, हब किंवा लायनरचं (ड्रमवर घासून चाक थांबवणारा थर) काम नुकतंच झालं आहे का? टायर बदललेत का? उत्तरं तारखेसकट लिहून घ्या.

आता चावी फिरवा. एबीएसचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर आनंद मानू नका. बल्ब गेला असेल, वायर तुटली असेल किंवा कटकट नको म्हणून कुणी बल्बच काढून ठेवला असेल. जुनी गाडी विकत घेताना मी सगळ्यात आधी हेच पाहतो.

दिवा लागलेलाच राहत असेल तर दोष या क्षणी हजर आहे. उभ्या गाडीत विझतो आणि गाडी हलल्यावर लागतो, तेव्हा बहुधा चाकाच्या वेगाचा सिग्नल नीट येत नाही. बऱ्याच सिस्टिममध्ये सेन्सरचा दोष काढल्यावरही गाडी थोडी चालेपर्यंत दिवा विझत नाही. दुरुस्तीनंतर उभ्या गाडीत दिवा दिसला म्हणून काम फुकट गेलं असं समजू नका. ताशी दहा-पंधरा किलोमीटरने थोडं अंतर जाऊन पाहा.

पिवळ्या दिव्याचा अर्थ एवढाच की एबीएस पूर्ण किंवा काही चाकांपुरतं बंद आहे. साधा ब्रेक लागतो, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाक जाम होऊ शकतं. लाल दिवा किंवा हवा कमी झाल्याचा बझर ही वेगळी गोष्ट आहे. तिथे गाडी पुढे न्यायची नाही.

३. हवा तपासा

एबीएस स्वतः ब्रेक लावत नाही. चाक जाम होऊ लागलं की ते तिथली हवा क्षणभर रोखतं किंवा सोडतं. लावण्याची ताकद हवेची आणि लायनरची, म्हणून आधी तिथे पाहायचं.

इंजिन चालू करून टाक्या पूर्ण भरू द्या. दाब पुरेसा झाला की हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्रायरमधून फुस्स करून हवा सुटते. हा आकडा बऱ्याच ट्रकवर ८ ते ८.५ बारच्या आसपास असतो आणि काही गाड्यांवर त्याहून जास्त. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. मग इंजिन बंद, ठोकळे लावलेले, पार्किंग ब्रेक सोडलेला. गेज स्थिर झाल्यावर एक मिनिट पाहत राहा. बिनट्रेलरच्या ट्रकला एका मिनिटात २ पीएसआयपेक्षा जास्त दाब पडू नये. आता पेडल पूर्ण दाबून धरा, पहिली घट होऊन काटा थांबू द्या आणि पुन्हा एक मिनिट मोजा. इथे ३ पीएसआयच्या वर घट म्हणजे गळती. गेज बारमध्ये असेल तर १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.

गळती केव्हा होते यावरून ती कुठे आहे हे कळतं. फक्त पेडल दाबल्यावर होत असेल तर ब्रेक चेंबरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) आणि चेंबरकडे जाणारे पाइप पाहा. पेडल न दाबताही होत असेल तर टाक्या, त्यांचे जोड आणि पार्किंग ब्रेकची बाजू.

इथे एक हमखास चकवा आहे. पार्किंग ब्रेक सोडलेला असताना रिले व्हॉल्व्हच्या (पेडलच्या इशाऱ्यावर टाकीतली हवा चेंबरला देणारा) खालच्या तोंडातून हवा सुटत राहते आणि सगळे रिले व्हॉल्व्ह बदलायला धावतात. थांबा, पार्किंग ब्रेक लावून पाहा. गळती थांबली तर दोष बहुतेक वेळा स्प्रिंग ब्रेक चेंबरच्या आतल्या सीलमध्ये असतो. तिथली हवा सर्व्हिस ब्रेकच्या, म्हणजे पेडलने लागणाऱ्या ब्रेकच्या, पाइपातून उलटी येऊन व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. व्हॉल्व्ह बिचारा चांगला असतो. कोणतं चेंबर, हे ठरवायला एकेका चेंबरचा सर्व्हिस पाइप सोडून पाहतात. पार्किंग ब्रेक सोडलेला आणि पेडल मोकळं असताना ज्या चेंबरच्या तोंडातून हवा येते ते दोषी. हे करताना सिस्टिममध्ये हवा भरलेली असते, म्हणून सर्व्हिस पाइप सोडण्याआधी पेडलवरचा पाय उचललेला आहे याची खात्री करा, ठोकळे पुन्हा पाहा आणि गाडीखाली दुसरं कोणी ठेवू नका.

शेवटी इंजिन बंद ठेवून चावी चालू करा आणि पेडल मारत हवा उतरवा. दाब ६० पीएसआयच्या खाली जाण्याआधी बझर किंवा दिवा यायला हवा. टाक्यांचे ड्रेन उघडा. भरपूर पाणी निघालं तर ड्रायर काम करत नाही, काळं तेल निघालं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. हेच पाणी आणि तेल पुढे जाऊन एबीएसच्या व्हॉल्व्हमध्ये बसतं.

४. चाकापाशी: पुश रॉड, लायनर, उष्णता

टाकीत ६ ते ७ बार हवा, पार्किंग ब्रेक सोडलेला. चेंबरमधून बाहेर येणाऱ्या पुश रॉडवर, अगदी चेंबरच्या तोंडाशी, खडूची रेघ मारा. जोडीदाराला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि रेघ किती बाहेर सरकली ते पट्टीने मोजा. टाइप ३० च्या साध्या चेंबरला हे अंतर २ इंच, म्हणजे साधारण ५० मिलिमीटरच्या आत असायला हवं. टाइप २४ च्या साध्या चेंबरला पावणेदोन इंच. चेंबरचा टाइप त्याच्या क्लँपवर किंवा अंगावर कोरलेला असतो. लांब स्ट्रोकच्या (पुश रॉड जास्त बाहेर येणाऱ्या) चेंबरची मर्यादा वेगळी असते.

आकडा मर्यादेत असूनही डावं ३० आणि उजवं ४५ मिलिमीटर येत असेल तर गाडी ब्रेकला एका बाजूला का ओढते याचं उत्तर तिथेच असू शकतं.

स्लॅक ॲडजस्टर (पुश रॉडला जोडलेला, लायनरची झीज भरून काढणारा भाग) ऑटोमॅटिक असेल आणि स्ट्रोक वाढलेला असेल तर नुसतं पाना लावून, तो कसून काम संपवू नका. ही सवय धोक्याची आहे. ऑटोमॅटिक ॲडजस्टर स्वतःहून घट्ट व्हायला हवा होता आणि झाला नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय. क्लेव्हिस पिन (पुश रॉड ॲडजस्टरला जोडणारी) झिजली आहे का, कॅम शाफ्टचा (लायनर ड्रमवर दाबणारा दांडा) बुश ढिला आहे का, ड्रम मापाबाहेर गेला आहे का, ॲडजस्टर चुकीच्या कोनात बसवला आहे का, हे पाहा. पुन्हा पुन्हा हाताने कसल्याने त्याच्या आतली यंत्रणाही झिजते.

मग गाडी रिकाम्या रस्त्यावर थोडी चालवा, नेहमीसारखे आठ-दहा ब्रेक मारा आणि लगेच प्रत्येक ड्रमचं तापमान सारख्याच जागी मोजा. एकाच ॲक्सलवर एक ड्रम खूप गार तर ते चाक ब्रेक करत नाही: लायनरला ग्रीस लागलं, कॅम अडकला किंवा हवा पोचत नाही. खूप गरम तर ब्रेक सुटत नाही, किंवा त्या गार बाजूचं काम हा एकटा करतोय. तेलाने भिजलेला लायनर धुऊन परत बसवू नका. हबचं सील बदला आणि दोन्ही बाजूंचे लायनर एकत्र बदला.

५. आता कोड वाचा

इथपर्यंतचं सगळं ठीक असेल तरच एबीएसकडे वळा. कोड स्कॅनरने वाचता येतो, किंवा काही गाड्यांत बटण दाबल्यावर दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि ती संख्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात पाहायची असते.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या, शक्य तर फोटो काढा. सध्या चालू असलेला आणि आधी कधीतरी येऊन गेलेला, हे दोन्ही वेगळे लिहा. जड ट्रकच्या स्कॅनरवर एसपीएन (दोषाच्या जागेचा नंबर) ७८९ म्हणजे पहिल्या ॲक्सलचं डावं चाक, ७९० पहिल्याचं उजवं, ७९१ दुसऱ्याचं डावं, ७९२ दुसऱ्याचं उजवं. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून.

कोड जागा सांगतो, पार्ट सांगत नाही. डाव्या पुढच्या सेन्सरचा कोड म्हणजे सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर, चाकाबरोबर सेन्सरसमोर फिरणारी दातेरी रिंग, बेअरिंग आणि कंट्रोल युनिटची पिन यांपैकी काहीही.

एकदम तीन-चार चाकांचे कोड आले तर एकाच दिवशी चार सेन्सर मेले असं मानू नका. बॅटरी, अल्टरनेटर, फ्यूज आणि अर्थिंग पाहा. एबीएस चालू असताना कंट्रोल युनिटची अर्थची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंग खराब आहे: बोल्ट काढा, रंग-गंज घासा, पुन्हा कसा.

६. सेन्सर: इथे घाई करू नका

बहुतेक बिघाड याच टप्प्यावर सापडतात, म्हणून इथे वेळ द्या.

आधी नुसतं पाहा. चावी बंद करून कनेक्टर सोडा आणि टॉर्चच्या उजेडात पिना पाहा. हिरवट पावडर दिसली तर पाणी शिरलंय. पिन मागे सरकली असेल तर कनेक्टर वरून घट्ट दिसतो, पण आत संपर्क होत नाही. मग वायरवर बोट फिरवत चाकापर्यंत जा. पुढच्या चाकाची वायर स्टिअरिंगबरोबर वळते, त्यामुळे क्लिप तुटली की ती टायरला किंवा स्प्रिंगच्या पट्ट्याला घासते. कधी वरचं आवरण शाबूत असतं आणि आतली तांब्याची तार तुटलेली असते. बोटाखाली ती जागा मऊ लागते.

बऱ्याच जड ट्रकवर साधा चुंबकीय सेन्सर असतो. तो एका स्प्रिंगच्या बुशमध्ये दाबून बसवलेला असतो आणि रिंगला टेकेपर्यंत आत ढकलायचा असतो. चाक फिरल्यावर तो स्वतःच केसभर मागे सरकून अंतर ठरवतो. बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) असला की हलणारी रिंग त्याला आणखी मागे लोटते, अंतर वाढतं, सिग्नल मंदावतो आणि दिवा लागतो. सेन्सर हाताने किंवा लाकडी काठीने परत आत ढकला. हातोडी वापरू नका. दिवा गेला आणि काही आठवड्यांनी परत आला, तर नवा सेन्सर आणण्याआधी चाक उचलून बेअरिंगचा प्ले पाहा.

मल्टिमीटरने मोजायचं ते असं:

सेन्सरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स. बऱ्याच जड ट्रकवर तो ९०० ते २००० ओहमच्या दरम्यान येतो, काही बनावटीत थोडा जास्त. दुसऱ्या बाजूशी ताडा. मीटर लावलेलं असताना वायर हलवा, आकडा उडाला तर वायर तुटलेली आहे.

प्रत्येक पिन आणि चासी यांच्यात काहीही संपर्क दिसता कामा नये.

मीटर एसी व्होल्टवर ठेवा, चाक उचला, ब्रेक सोडा आणि दोन सेकंदांत एक फेरी या वेगाने फिरवा. किमान ०.२ व्होल्ट यायला हवं. एका फेरीत आकडा वरखाली झुलत असेल तर रिंग वाकडी बसली आहे. एका ठरावीक जागी पडत असेल तर तिथला दात तुटला आहे किंवा मातीने बुजला आहे. चाकाची स्थिती खडूने खूण करून ठेवा, नेमका दात सापडतो.

एक सक्त सूचना: काही गाड्यांवर, विशेषतः नव्या आणि लहान, ॲक्टिव्ह सेन्सर असतो. त्याला चालायला पुरवठा लागतो. त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही आणि मीटरच्या करंटने तो बिघडूही शकतो. तिथे कनेक्टरवर पुरवठा येतो का ते पाहा आणि चाक फिरवून स्कॅनरवर वेग वाचा. वायरमध्ये सुई टोचून मोजणं तर कुठेच नको, त्याच भोकातून पाणी शिरतं.

७. एबीएसचे हवेचे व्हॉल्व्ह

टाक्या भरलेल्या, ब्रेकचं पेडल दाबलेलं, आजूबाजूला शांतता. चावी चालू करा. बऱ्याच सिस्टिममध्ये एकेक मॉड्युलेटर व्हॉल्व्ह (चाकाची हवा रोखणारा-सोडणारा) पाळीपाळीने फुस्कारतो. जोडीदार चाकाजवळ उभा राहून मोजेल: चार व्हॉल्व्ह असतील तर चारही ऐकू यायला हवेत. एखादा गप्प असेल तर त्याची वायर आणि कॉइल पाहा. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये दोन कॉइल असतात, त्यांचा रेझिस्टन्स जवळपास सारखा हवा. फुस्कारे योग्य क्रमाने येत नसतील तर दुरुस्तीत वायर किंवा पाइप उलटसुलट जोडले गेले आहेत. असा दोष नेहमीच्या ब्रेकला जाणवत नाही. घसरड्या रस्त्यावर मात्र जाम होणारं चाक तसंच जाम राहतं आणि चांगल्या चाकाची हवा जाते.

८. लहान ट्रक आणि पिकअप: ऑइल ब्रेक

इथे पेडलच बरंच सांगतं. मऊ आणि उसळणारं लागलं तर आत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं तर बाहेर गळती शोधा, ती नसेल तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) आतल्या आत गळतोय. दगडासारखं कडक तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) तपासा: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं की व्हॅक्युम बूस्टर ठीक.

रिकाम्या गाडीची मागची चाकं लगेच जाम होत असतील तर मागच्या ॲक्सलजवळ, वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह बसवला आहे का पाहा. त्याची दांडी वाकते, तुटते किंवा स्प्रिंगचे पट्टे वाढवल्यावर चुकीच्या जागी राहते.

गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या काही मीटरला पेडल थरथरतं आणि कोरड्या रस्त्यावरही एबीएस चालू होतं, ही तक्रार फार येते. तेव्हा अनेकदा कोडही नसतो. कारण बहुधा सेन्सरच्या बैठकीखालचा गंज. तो सेन्सरला रिंगपासून वर उचलतो, मंद वेगात सिग्नल तुटतो आणि युनिटला वाटतं की चाक थांबलं. सेन्सर काढा, बैठक घासून साफ करा, सेन्सर परत बसवा.

ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच भरा. डॉट ३ आणि डॉट ४ पाणी शोषतात: नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. भरलेली गाडी उतारावर असताना पेडल अचानक खाली जातं त्यामागे हे असू शकतं. सिलिकॉनचं डॉट ५ एबीएसच्या गाडीत घालू नका. लाल आणि पिवळा दिवा एकत्र लागले तर मागच्या चाकांचा दाब आवरणारी व्यवस्थाही बंद असू शकते, गाडी उभी करा.

९. काम झाल्यावर

कोड पुसा, गाडी मोकळ्या जागेत चालवा, वळणं घ्या, खड्ड्यावरून न्या, कारण तुटकी वायर हादऱ्यातच बोलते. परत कोड वाचा. पुश रॉड आणि ड्रमचं तापमान पुन्हा मोजून आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. ट्रेलर असेल तर त्याचं एबीएस आणि दिवा वेगळा असतो, तो स्वतंत्र तपासा. चासीवर वेल्डिंग करायचं झालं तर त्याआधी बॅटरी आणि कंट्रोल युनिटचे कनेक्टर सोडा.

सगळं मोजूनही कंट्रोल युनिटवरच बोट राहिलं, तर जुन्यावरचा पूर्ण पार्ट नंबर उतरवून घ्या. सोबत टायरचा साइज आणि प्रत्येक रिंगचे दात मोजून लिहा. नवं युनिट त्या गाडीसाठी जुळवून घ्यावं लागतं आणि हे आकडे चुकले तर बाकी सगळं बरोबर असूनही पिवळा दिवा तसाच जळत राहतो.